कोरडी दोरी

नेव्हिल सडबीचं आयुष्यात एकच गाणं गाजलं, आणि तेही त्याच्या नावावर नाही. बाकीची त्यानं ढिगानं लिहिली. गोदीवर लिहिली, धुक्यावर लिहिली, सोडून गेलेल्या बायकोवर तर अख्खी तबकडी भरेल एवढी लिहिली. जुनाट व्हॅनमध्ये गिटार टाकून तो वर्षानुवर्षं इंग्लंडभर हिंडला, पबच्या मागच्या खोल्यांमध्ये गायला, परक्यांच्या सोफ्यांवर पाय दुमडून झोपला. आणि कुठंही जा, कार्यक्रम संपत आला की मागून कुणीतरी बियरचा ग्लास उंच करून ओरडायचंच, "अहो सडबी, ते जुनं म्हणा की! पांढरी चादर!"

जुनं म्हणे! ते गाणं जन्माला आलं तेव्हा नेव्हिलला धड दाढीसुद्धा फुटली नव्हती. आणि त्याचं नाव 'पांढरी चादर' नव्हतंच मुळी. त्याचं नाव 'कोरडी दोरी'.

नेव्हिलचा थोरला भाऊ रेज ट्रॉलरवर, म्हणजे खोल समुद्रातल्या मासेमारी बोटीवर, होता. आमच्या हल बंदरातल्या हेसल रोडवर तेव्हा घरटी एक तरी माणूस ट्रॉलरवर असायचाच. तीन आठवडे आइसलंडच्या बाजूला बर्फात मासे मारायचे, तीन दिवस घरी येऊन राजासारखं उधळायचं आणि पुन्हा भरती बघून निघायचं. अशाच एका तीन दिवसांत रेजनं धाकट्याला गिटार आणून दिली. "घे. तुझे हात जाळी ओढायचे नाहीत. निदान वाजव तरी," म्हणाला. तेवढंच. रेज जास्त बोलणाऱ्यांतला नव्हता.

त्यानंतरच्या जानेवारीत रेजची बोट 'हॉर्नसी बेल' गेली ती गेलीच. ना फळकुट सापडलं, ना माणूस. रेजच्या मागे राहिली त्याची बायको थेल्मा आणि रांगायच्या वयाची जॅनिस.

आता, माणूस समुद्रावर निघतो त्या दिवशी बाईनं काय करू नये, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक. गोदीवर सोडायला जायचं नाही. हात हलवायचा नाही. लाट त्याच हातानं त्याला बोलावते. आणि कपडे तर धुवायचेच नाहीत. त्या दिवशी पाण्यात कापड बुडवलं की माणूस धुऊन गेलाच म्हणून समजा. हसायचं तर हसा. ज्यांची माणसं परत आली नाहीत ती हसत नाहीत.

थेल्मानं सगळं पाळलं होतं, असं नेव्हिल धरून चालला होता. पाळूनही समुद्रानं दगा दिला, हेच त्याच्या काळजात रुतलं. एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बसून, रेजच्या गिटारवर, त्यानं तिला गाणं ऐकवलं. त्यातलं तिसरं कडवं असं होतं:

पहाटे निघाला धनी तेव्हा
अंगणी दोरी कोरडी;
तिनं न भिजवला धागाही एक,
तरी बुडाली होडी.

थेल्मा बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली. तिनं उठून नळ सोडला आणि बराच वेळ सोडूनच ठेवला. नेव्हिलला वाटलं, रडतेय बिचारी. त्यानंतर परसात दोरी होती तशीच राहिली, पण थेल्मानं तिच्यावर कधी रुमालसुद्धा वाळत घातला नाही. सगळे कपडे घरात, चुलीपुढे. शेजारणी टोमणे मारायच्या, "काय गं, ऊन महाग झालंय का तुला?" नेव्हिलला मात्र ती रिकामी दोरी दिसली की भरून यायचं. आपलं गाणं जपतेय, असं त्याला वाटायचं.

गाणं जगापुढे न्यायचं तर एकच जागा होती: बर्नर्ड पॉकलीचा क्लब. पबच्या माडीवर दर शुक्रवारी भरायचा. आणि बर्नर्डचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. इथे फक्त जुनी, परंपरेची गाणी. ज्याचा कर्ता ठाऊक आहे ते गाणं जिन्याखाली ठेवून वर यायचं. गिटारसुद्धा तो नाक मुरडूनच चालवून घ्यायचा. नवं गाणं म्हणणाऱ्या एका कॉलेजच्या पोराला त्यानं मधेच टाळ्या वाजवून खाली बसवलं होतं. तेही नेव्हिलच्या डोळ्यांदेखत.

नेव्हिल गिटार घेऊन उभा राहिला.

"कुणाचं गाणं, पोरा?" बर्नर्डनं विचारलं.

नेव्हिलच्या तोंडून निघून गेलं, "एमॉसकाकांकडून घेतलं. एमॉस ड्रूअरी. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. त्यांच्या आजोबांचं आहे म्हणे."

एमॉस ड्रूअरी त्याच शरद ऋतूत वारला होता. जाळी विणण्यात जन्म गेला त्याचा, आणि जन्मात त्यानं साधी शीळ घातली नव्हती. पण मेलेला माणूस काय बोलणार? नेव्हिल गायला. बर्नर्डनं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे असं गाणं कुणी बसून लिहूच शकत नाही. हे पिढ्या लिहितात." आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी नेव्हिलला मिळाली, आणि ती मिळाली एमॉसला.

पुढं एक-दोन वर्षांत रोझलिंड थ्वेट नावाची एक गायिका दक्षिणेतून येऊन ते गाणं ऐकून गेली. गोड गळ्याची बाई, वाईट नव्हती. पण समुद्र तिनं सुट्टीतच पाहिलेला. रिकामी दोरी म्हणजे तिला काहीच वाटेना. त्यात चित्र कुठाय? परंपरेचं गाणं म्हणजे कुणीही हात लावावा असा माल. तिनं आपला हात लावला:

पहाटे निघाला धनी तेव्हा
दोरीवर चादर ओली;
वाऱ्यानं हलवी हात तशी ती,
'ये लवकर,' बोलली.

धुणंही आणि हात हलवणंही! एका कडव्यात दोन्ही पापं बाईच्या माथी मारली आणि वर सुरेख व्हायोलिन लावलं. 'पांढरी चादर' नावाची ती तबकडी घराघरांत गेली. रेडिओवर लागली, शाळेच्या पुस्तकात आली. हेसल रोडच्या जुन्या बायका ते गाणं म्हणतात, नाही असं नाही. पण ती ओळ आली की ओठ मिटून घेतात आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू होतात. कुणी शिकवलेलं नाही. आपोआप होतं.

नेव्हिल काय करणार? "ती ओळ चुकीची आहे" म्हणावं तर लोक विचारणार, तुला कसं ठाऊक? "गाणं माझंच आहे" म्हणावं तर क्लबच्या खोलीभर माणसांपुढं खोटं बोललेला. तो गप्प बसला. त्यानं स्वतःच्या नावानं तबकड्या काढल्या. त्या दुकानाच्या खालच्या फळीवर पडून राहिल्या. मोठ्या गायकांच्या आधी, लोक खुर्च्या शोधत असताना, तो अर्धा तास गायचा. मग शाळेत मुलांना गिटार शिकवली, लग्नांत वाजवली. बोटं आखडायला लागली तेव्हा हलमध्ये परत आला. स्वतःच्या कार्यक्रमात तो 'कोरडी दोरी'च म्हणायचा, आणि दर वेळी कुणीतरी शहाणा जवळ येऊन सांगायचा, "छान गाता हो. पण तिसरं कडवं चुकलं तुमचं."

आणि थेल्मा? रोझलिंडची तबकडी निघायच्या आधीच तिनं नेव्हिलचं गाणं ऐकायला येणं सोडलं होतं. "पाय दुखतात," म्हणायची. त्याला खरं कारण ठाऊक होतं, असं त्याला वाटायचं. एक तर गाण्यानं जखम उघडी होते. आणि नंतर तर त्या चादरीनं तिच्यावर साऱ्या इंग्लंडादेखत नवरा बुडवल्याचा आळ घेतला. आपण तेव्हा खोटं बोललो नसतो तर कुणी गाण्याला हात लावला नसता. हे ओझं नेव्हिलनं म्हातारपणापर्यंत वाहिलं.

म्हणून, बुडालेल्यांचं स्मारक हंबर नदीच्या काठावर उभं राहतंय आणि तिथं शाळेची मुलं 'पांढरी चादर' म्हणणार आहेत असं कळलं, तेव्हा त्याची झोप उडाली. पहिली फुलं कोण वाहणार? थेल्मा सडबी. अगदी पुढच्या रांगेत. म्हणजे तिला फुलं घेऊन उभी करायची, आणि शंभर कोवळ्या गळ्यांनी तिच्या तोंडावर म्हणायचं, तूच धुतलंस गं.

"हे होता कामा नये," नेव्हिल स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला, आणि कोट घालून निघाला.

मुलांना गाणं शिकवणारी गिलियन स्टॅथर्स भली बाई होती. तिनं त्याला चहा दिला, बिस्किटं पुढं केली.

"तुम्ही लिहिलंत?" ती म्हणाली. "पण मिस्टर सडबी, पुस्तकात तर एमॉस ड्रूअरी…"

"तो मीच सांगितलेला. खोटं सांगितलेलं."

तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नेव्हिलला चांगली ओळखीची होती. त्याच्या आईचं शेवटी शेवटी डोकं चालेनासं झालं, तेव्हा डॉक्टर तिच्याकडे असंच पाहायचे. "असं करू या," गिलियन हळुवारपणे म्हणाली, "बर्नर्डना विचारू. समितीत तेच आहेत, आणि त्यांना सगळा इतिहास माहीत आहे."

बर्नर्ड आता ऐंशीच्या पुढे गेला होता. कान गेले, पण अकड होती तश्शी. मासळीच्या दुकानाबाहेरच्या बाकावर पॅटी खात बसला होता. नेव्हिलनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. रेज, स्वयंपाकघर, थेल्मा, एमॉस. बर्नर्डनं खाणं संपवलं, बोटं कागदाला पुसली.

"झालं तुझं?"

"झालं."

"लाज नाही वाटत रे, नेव्ह? आयुष्यभर गाणी लिहिलीस. एक तरी कुणाच्या लक्षात आहे? नाही! म्हणून आता मेलेल्या म्हाताऱ्याच्या हातातलं हिसकावून घेतोस?"

"बर्नर्ड, एमॉसला सूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं."

"त्या रात्री मी रडलो होतो," बर्नर्ड म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम चिरकला. "सगळ्यांसमोर. तुझ्यासारख्या मिसरूड न फुटलेल्या पोरानं आदल्या आठवड्यात लिहिलेल्या गाण्यावर रडलो, असं सांगायचंय का तुला मला?"

नेव्हिलला त्याची कीव आली. खोटं एकाचं असलं तरी त्यावर घर दुसऱ्यानंही बांधलेलं असतं. तो म्हणाला, "बरं. नको मानूस. निदान ते कडवं मला एकट्याला म्हणू दे. माझ्या पद्धतीनं."

बर्नर्डनं कागदाचा बोळा केला. "म्हण बाबा," तो शेवटी पुटपुटला. "पण तू लिहिलंस असं सांगत सुटू नकोस. हसतील लोक."

नेव्हिल तिथून थेट थेल्माच्या घरी गेला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमवून आणलं होतं त्यानं. मोठमोठ्या सभागृहांत जे झालं नाही ते उद्या नदीच्या काठावर होणार होतं: त्याची ओळ, त्याच्या तोंडून, ज्या बाईसाठी लिहिली तिच्यापुढे, साऱ्या हेसल रोडच्या साक्षीनं.

थेल्मा स्वयंपाकघरातच होती. केस पांढरेशुभ्र, पाठ मात्र ताठ. तिनं ऐकून घेतलं. मग चहाचा कप खाली ठेवला.

"नको," ती म्हणाली.

"अगं, काय नको?"

"तुझी ओळ नको. ते म्हणतात तशीच म्हण. चादरीची."

"थेल्मा, कळतंय का तुला काय बोलतेस? उद्या सगळे…"

"मी धुतलं होतं, नेव्ह."

बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

"जॅनिसला आदल्या रात्री उलट्या झाल्या," थेल्मा म्हणाली. "चादरीवर. धड अशी एकच चादर होती घरात. रेज गेला, टॅक्सी कोपऱ्यावर वळली, आणि मी ती बादलीत टाकली. मनात आलं होतं, नाही असं नाही. पण वास मारत होती रे घरभर. आणि मी इतकी दमले होते. अंधारातच दोरीवर टाकली. मग शेजारच्या दाराची कडी वाजली आणि मी घाबरून ओढून आत आणली, तशीच गळती." ती खिडकीतून त्या दोरीकडे पाहत होती. "तू इथे बसून गायलास, कोरडी दोरी, कोरडी दोरी. मला वाटलं, आता सांगावं. नाही सांगवलं. तू इतका खूश होतास."

"म्हणून तू यायची थांबलीस ऐकायला."

"तुझं गाणं लागलं की वाटायचं, सगळी गल्ली मला चांगली म्हणतेय आणि मी मुकाट बसून ते घेतेय. चोरासारखी." तिनं डोळे पुसले नाहीत, पाणी येऊ दिलं. "आणि मग त्या थ्वेट बाईचं रेडिओवर लागलं. ओली चादर! माझ्या अंगावर काटा आला. हिला कुणी सांगितलं? देवाशप्पथ सांगते, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर रडले. कुणाला तरी माहीत आहे, असं वाटलं. अजूनही लागलं की बसून ऐकते. शेवटपर्यंत."

नेव्हिलनं तिचा हात धरला. "चादरीनं कुठं बोट बुडते का गं?"

"तू हेसल रोडचाच ना? मग मला नको शिकवूस." मग जरा मवाळ होत म्हणाली, "डोक्याला कळतं रे. डोक्याचं कुणी ऐकतं का?"

"जॅनिसला सांगितलंस कधी?"

"तिला कसं सांगू? ती म्हणेल, माझ्या उलटीमुळे. ते तिच्या गळ्यात नको." ती थांबली. "मला माझ्या तोंडानं कुणाला सांगता यायचं नाही, नेव्ह. पण उद्या सगळे असतील, रेजसुद्धा असेल असं समज. एकदा तुझ्या तोंडून खरं येऊ दे."

नेव्हिल लहान पोरासारखा म्हणाला, "माझी सगळ्यात चांगली ओळ आहे गं ती."

"हो," थेल्मा म्हणाली. "म्हणूनच इतकी लागली."

दुसऱ्या दिवशी वारा होता, हंबरचं पाणी नेहमीसारखंच गढूळ. नावं वाचली गेली. रेजिनाल्ड सडबी, हॉर्नसी बेल. थेल्मानं फुलं वाहिली आणि जॅनिसचा हात धरून जागेवर येऊन उभी राहिली. मुलांनी पहिली दोन कडवी म्हटली. मग गिलियननं खूण केली, आणि नेव्हिल रेजची गिटार घेऊन पुढं झाला.

बोटं थंडीनं आणखीच आखडली होती. एक तार चुकली, ती त्यानं तशीच जाऊ दिली. 'पहाटे निघाला धनी तेव्हा' इथपर्यंत आला आणि थांबला. स्वतःची ओळ जिभेवर येऊन बसली होती. इतकी वर्षं रोज तिथंच बसलेली. त्याला वाटलं, म्हणावी. एकदाच. कोण काय करणार आहे?

मग त्यानं ती गिळली आणि म्हटलं, "दोरीवर चादर ओली."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी नेहमीसारखे ओठ मिटले. सगळी रांग मुकी झाली. त्या मुक्या रांगेतून एकच आवाज आला, बारीक, फाटलेला, सूर सुटलेला, पण शब्द न् शब्द स्पष्ट. थेल्मा म्हणत होती. वाऱ्यानं हलवी हात तशी ती. जॅनिसनं चमकून आईकडे पाहिलं. शेजारची बाई कोपरानं ढोसत होती, अगं, ही ओळ नाही म्हणायची. थेल्मा म्हणतच राहिली, नदीकडे तोंड करून, शेवटपर्यंत. नेव्हिलनं तिच्या सुराला धरून गिटार वाजवली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

संपल्यावर लोक पांगायला लागले. बर्नर्ड काठी टेकत टेकत आला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शाबास! आज बरोबर म्हणालास. आठवलं ना शेवटी? एमॉसनं असंच शिकवलं होतं ना तुला?"

थेल्मा बाजूलाच उभी होती. तिनं नेव्हिलकडे पाहिलं.

"हो," नेव्हिल म्हणाला. "अस्संच शिकवलं होतं. मीच चुकत होतो."

बर्नर्डनं समाधानानं मान डोलावली. थेल्मानं नेव्हिलच्या हातातून गिटारची पेटी घेतली, आणि तिघं जण, ती, तो आणि जॅनिस, वाऱ्याकडे पाठ करून घराकडे चालायला लागले.